युनिटीच्या सर्टिफिकेशन परीक्षेचा अभ्यास: किती तास, किती आठवडे

टीममध्ये नव्याने आलेल्यांना युनिटी या गेम बनवण्याच्या इंजिनच्या परीक्षेसाठी तयार करण्याचं काम माझ्याकडे असतं. पहिल्याच भेटीत प्रत्येक जण विचारतो, "ताई, अभ्यासाला किती दिवस लागतील?" माझा अंदाज असा: सी शार्प (युनिटीत कोड लिहिण्याची भाषा) येत असेल आणि एखादा छोटा गेम शेवटपर्यंत पुरा केलेला असेल, तर आठ ते दहा आठवडे पुरतात. प्रोग्रॅमिंगच नवीन असेल तर पाच महिने धरून चाला. पण हा अंदाज झाला. तुमचा स्वतःचा आकडा काढता येतो, आणि तो एका सुट्टीच्या दिवसात निघतो. तो आकडा हातात आल्याशिवाय परीक्षेची तारीख घेऊ नका, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे.

त्याआधी परीक्षा कोणती ते ठरवा. युनिटीच्या परीक्षांना पायऱ्या आहेत. सर्टिफाइड यूजर ही शिकणाऱ्यांसाठीची पहिली पायरी; तिच्यात प्रोग्रॅमर, आर्टिस्ट, व्हीआर डेव्हलपर असे वेगवेगळे पेपर असतात. तिच्या वर असोसिएट, त्याच्या वर प्रोफेशनल. यूजर प्रोग्रॅमरच्या पेपरला बसणाऱ्याने युनिटीवर साधारण १५० तास काम आणि शिक्षण केलेलं असावं, अशी अपेक्षा परीक्षेच्या माहितीतच दिलेली आहे. हा आकडा मला फार उपयोगी वाटतो, कारण तो महिन्यांत नाही, तासांत आहे. रोज एक तास बसलात तर १५० तासांना जवळपास पाच महिने लागतात. सोमवार ते शुक्रवार दोन-दोन तास आणि शनिवार-रविवारी चार-चार तास दिलेत तर आठवड्याचे १८ तास होतात, आणि तेच काम आठ आठवडे नि वर दोन-तीन दिवसांत संपतं. एक जण दोन महिन्यांत तयार होतो आणि दुसऱ्याला सहा महिने लागतात, यात पुष्कळदा हुशारीचा संबंध नसतो. दोघांचे तास मोजले तर ते सारखेच भरतात.

प्रोफेशनल प्रोग्रॅमरची गोष्ट वेगळी आहे. तिथे कलाकारांच्या कामाशी कोड जोडणं, परफॉर्मन्स सुधारणं, टीममध्ये सॉफ्टवेअर लिहिणं असे विभाग असतात, आणि ते नुसतं वाचून येत नाहीत. कामाचा अनुभव नसताना कुणी या पेपरच्या तयारीला महिने विचारले, तर मी त्याला आधी असोसिएट द्यायला सांगते.

आता आकडा कसा काढायचा ते. सुट्टीचा एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. नवा, कोरा प्रोजेक्ट उघडा. व्हिडिओ नाही, एआय नाही, जुन्या प्रोजेक्टमधली स्क्रिप्ट उचलणं नाही. युनिटीचं अधिकृत मॅन्युअल उघडलं तर चालेल. एवढ्यावर हा गेम बनवा: चालणारं आणि उडी मारणारं पात्र, गोळा करायची नाणी, स्क्रीनवर नाण्यांची संख्या, नाणं घेतल्यावर आवाज, नॅव्हमेशवरून (चालता येणाऱ्या जागेच्या नकाशावरून) पात्राचा पाठलाग करणारा एक शत्रू, जवळ गेल्यावर ॲनिमेशनने उघडणारं दार, पॉजचा मेनू, आणि शेवटी बिल्ड काढून, म्हणजे स्वतंत्र चालणारा गेम तयार करून, तो एडिटरच्या (युनिटीच्या काम करायच्या खिडकीच्या) बाहेर चालवून पाहणं. दिसायला कसाही असू द्या. पात्र म्हणजे कॅप्सूल आणि नाणं म्हणजे चपटा सिलिंडर असला तरी पुरे.

शेजारी वही ठेवा आणि जिथे जिथे अडाल तिथे एक ओळ लिहा. दिवसाअखेरीस त्या ओळींचे तीन गट पडतात. पहिला गट नाव न आठवण्याचा: काय हवंय ते माहीत आहे, फक्त फंक्शनचं किंवा मेनूचं नाव सुचत नव्हतं. दुसरा गट कुठलं साधन वापरायचं तेच माहीत नसण्याचा: आवाजासाठी ऑडिओ सोर्स लागतो, दारासाठी ॲनिमेटर कंट्रोलर लागतो, हेच ठाऊक नव्हतं. तिसरा गट सगळ्यांत महाग: सगळं बरोबर लावलंय असं वाटतंय, तरी चालत नाही, आणि का चालत नाही ते कळत नाही.

माझा हिशोब सरळ आहे. पहिल्या गटातल्या एका ओळीला अर्धा तास, दुसऱ्या गटातल्या ओळीला चार तास, तिसऱ्या गटातल्या ओळीला दहा तास. समजा तुमच्या वहीत पहिल्या गटात आठ, दुसऱ्यात सहा आणि तिसऱ्यात चार ओळी आल्या. म्हणजे चार, चोवीस आणि चाळीस. एकूण ६८ तास. त्यावर एक तृतीयांश वेळ उजळणी आणि सराव परीक्षांसाठी धरा, म्हणजे साधारण ९० तास झाले. आठवड्याला नऊ तास जमत असतील तर दहा आठवडे लागतील. आता ही तारीख तुमच्या वहीतून आलेली आहे, दुसऱ्या कुणाच्या अनुभवावरून घेतलेली नाही. आणि दिवसभरात गेम निम्माही झाला नाही, तर हा हिशोब बाजूला ठेवा आणि १५० तासांचा रस्ता धरा. युनिटी लर्नवर इसेन्शियल्स आणि ज्युनिअर प्रोग्रॅमर हे दोन विनामूल्य अभ्यासक्रम आहेत. ते क्रमाने पुरे करा आणि मग ही चाचणी पुन्हा घ्या.

तिसऱ्या गटाला मी दहा तास का देते, हे थोडं खोलात सांगायला हवं, कारण परीक्षेतले गुण मुख्यतः तिथेच जातात. उदाहरण घ्या. "उडीचं बटण कधी कधी लागतच नाही." कोड बघितला तर बटण दाबल्याची तपासणी फिक्स्डअपडेटमध्ये लिहिलेली असते. अपडेट आणि फिक्स्डअपडेट ही युनिटी स्वतःहून पुन्हा पुन्हा चालवते ती फंक्शन्स. अपडेट दर फ्रेमला एकदा चालतं. फिक्स्डअपडेट ठरावीक कालांतराने चालतं. मूळ सेटिंग ०.०२ सेकंद असतं, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. "बटण याच फ्रेममध्ये दाबलं का" हे सांगणारं फंक्शन फक्त त्या एका फ्रेमपुरतं हो म्हणतं. गेम सेकंदाला १०० फ्रेम्सनी चालत असेल तर निम्म्या फ्रेम्समध्ये फिक्स्डअपडेट चालतच नाही, आणि दाबलेलं बटण हरवतं. म्हणून इनपुट अपडेटमध्ये वाचायचं, एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि फिजिक्सचं बल फिक्स्डअपडेटमध्ये लावायचं. हे तुम्ही पाच मिनिटांत वाचलंत. पण परीक्षेत हा प्रश्न "उडी"च्या नावाने येईलच असं नाही. तो बंदुकीच्या किंवा गाडीच्या ब्रेकच्या नावाने येऊ शकतो. तो तेव्हा ओळखता यावा म्हणून हा बिघाड स्वतः घडवून आणा, फ्रेम रेट कमी-जास्त करून बघा, दुरुस्त करा, पुन्हा मोडा. त्यालाच वेळ लागतो.

टक्करीचंही तसंच. दोन वस्तू एकमेकींवर आदळतात, पण टक्कर झाल्याचं कळवणारं ऑनकोलिजनएंटर हे फंक्शन चालत नाही. दोघींना कोलायडर (टक्करीसाठीचा आकार) हवा, दोन्ही कोलायडर ट्रिगर (न अडवता फक्त आत शिरल्याचं कळवणारे) नसलेले हवेत, आणि निदान एकीला रिजिडबॉडी (वस्तूला फिजिक्स लावणारा भाग) हवी, तीही कायनेमॅटिक (फिजिक्सच्या बलाने न हलणारी) नसलेली. दोन्ही कायनेमॅटिक असतील तर टक्करीचा संदेश येत नाही. ट्रिगरचे नियम वेगळे: एक कोलायडर ट्रिगर हवा आणि एका वस्तूला रिजिडबॉडी हवी, पण इथे कायनेमॅटिक चालते. त्याशिवाय फिजिक्सच्या सेटिंगमध्ये कुठल्या लेयरची टक्कर कुठल्याशी व्हायची ते ठरवणारी चौकट असते. तिथली खूण काढलेली असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही काही होत नाही. मी मुलांना एका रिकाम्या सीनमध्ये वेगवेगळ्या जोड्या लावायला लावते आणि कुठल्या जोडीला कुठला संदेश आला त्याचा तक्ता हाताने भरायला लावते. एक संध्याकाळ जाते. तो तक्ता नंतर कधी पाठ करावा लागत नाही.

स्क्रिप्टच्या आयुष्याचा क्रम, म्हणजे युनिटी तिच्यातली फंक्शन्स कुठल्या क्रमाने चालवते तो, असाच पक्का हवा: अवेक, ऑनइनेबल, स्टार्ट, मग फिक्स्डअपडेट, अपडेट, लेटअपडेट, शेवटी ऑनडिसेबल आणि ऑनडिस्ट्रॉय. एवढी यादी सगळ्यांना येते. प्रश्न तिच्या कडेकडेने विचारले जातात. कॉम्पोनंटची (वस्तूला जोडलेल्या स्क्रिप्टची) खूण काढलेली असली तरी वस्तू चालू असेल तर अवेक चालतं, स्टार्ट मात्र चालत नाही. एका वस्तूचं अवेक आणि ऑनइनेबल लागोपाठ चालतं, म्हणून आपल्या ऑनइनेबलमध्ये दुसऱ्या वस्तूचं अवेक होऊन गेलंय असं गृहीत धरता येत नाही. वस्तूच बंद केली तर तिच्यावरची कोरुटीन (थांबत थांबत अनेक फ्रेम्स चालणारं फंक्शन) थांबते, पण नुसता कॉम्पोनंट बंद केला तर चालू राहते. टाइमस्केल (गेममधल्या वेळेचा वेग) शून्य केल्यावर फिक्स्डअपडेट थांबतं, अपडेट मात्र चालूच राहतं, फक्त डेल्टाटाइम (दोन फ्रेम्समधला वेळ) शून्य होतो. वेटफॉरसेकंड्स अडकून बसतं आणि वेटफॉरसेकंड्सरिअलटाइम पुढे सरकतं. पॉजच्या मेनूतलं ॲनिमेशन का गोठलं, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. ही सगळी वाक्यं प्रत्येकी चार-पाच ओळींच्या स्क्रिप्टने पडताळून बघता येतात. डीबग लॉग लावा, कन्सोल उघडा, आणि प्ले दाबण्याआधी काय छापून येईल ते वहीत लिहा. अंदाज चुकला तर तो विषय संपलेला नाही, असं समजा.

आता तुम्ही कोण आहात त्यावर तास वाढतात किंवा कमी होतात. प्रोग्रॅमर असाल तर तुमची कच्ची बाजू बहुधा प्रकाश, ॲनिमेशन आणि आवाज. असोसिएटच्या पेपरमध्ये हे विषय येतात, आणि कोड चांगला लिहिणारी मुलं तिथे अडखळतात. दिव्याचे तीन प्रकार, रिअलटाइम, मिक्स्ड आणि बेक्ड, यांतला फरक नीट समजून घ्या. बेक केलेला (आधीच मोजून साठवलेला) प्रकाश हलत्या वस्तूवर आपोआप पडत नाही, त्यासाठी लाइट प्रोब्ज (जागोजागचा प्रकाश नोंदवणारे बिंदू) मांडावे लागतात. "खोली उजळ आहे पण पात्र वेगळंच दिसतं" असा प्रश्न आला तर रोख तिकडे असतो. ॲनिमेटरमध्ये बूल आणि ट्रिगर यांतला फरक, ब्लेंड ट्री कशासाठी, एक्झिट टाइम चालू राहिला तर दार उशिरा का उघडतं, हे हाताने करून बघा. कॅनव्हासचे (स्क्रीनवरचे मेनू आणि आकडे ज्यावर मांडतात त्याचे) तीन रेंडर मोड आणि कॅनव्हास स्केलर यांना एक दिवस द्या. या बाजूला मी साधारण २० तास वेगळे काढायला सांगते.

आर्टिस्ट असून प्रोग्रॅमरच्या पेपरला बसायचं असेल, तर मात्र आधी सी शार्पलाच निदान ५० तास द्या, आणि तेही युनिटी न उघडता. व्हेरिएबल, लूप, मेथड, क्लास, लिस्ट, इंटरफेस. युनिटीत राहून भाषा शिकायला गेलं की चूक भाषेची आहे की इंजिनची तेच कळत नाही, आणि माणूस विनाकारण खचतो. आमच्याकडे मॉडेलिंग करणारी एक मुलगी होती. तिने याच क्रमाने अभ्यास केला, आणि पुढे तिचा कोड वाचायला मला इतरांपेक्षा जास्त आवडायचा, इतका तो नीटनेटका असे.

नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वीस मिनिटांच्या फटीत एडिटर उघडू नका. प्रोजेक्ट उघडणं, स्क्रिप्ट कंपाइल होणं, काल कुठे थांबलो होतो ते आठवणं यातच वेळ निघून जातो. एडिटरसाठी सलग दीड तासाची बैठक हवी, आणि आठवड्यात तशा निदान चार. छोट्या फटींमध्ये मॅन्युअलचं एक पान वाचा किंवा कागदावर कोड लिहा. कागदावर हे मी मुद्दाम म्हणते. एडिटर शब्द पुरे करून देतो, त्यामुळे आपल्याला येतंय असं वाटत राहतं. परीक्षेत कोडचा तुकडा समोर ठेवून "यात काय चुकलं" किंवा "हे चालवल्यावर काय होईल" असं विचारतात, आणि तिथे सुचवणारं कुणी नसतं. गेटकॉम्पोनंट (वस्तूचा कॉम्पोनंट मिळवणं), इन्स्टँशिएट (नवी वस्तू बनवणं), रेकास्ट (अदृश्य किरण सोडून काय लागतं ते बघणं) यांच्या ओळी कागदावर अचूक लिहिता आल्या पाहिजेत.

पुन्हा पुन्हा वाचणं आणि व्हिडिओ परत परत बघणं यावर मी फार वेळ घालवू देत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा आठवड्यांनंतर असते, तेव्हा आपल्याला दुसरी पद्धत हवी. रोज अभ्यासाला बसताना पहिली दहा मिनिटं कोऱ्या कागदावर कालचं लिहून काढा. जे आलं नाही तेच आज आधी उघडायचं.

इंजिनच्या आवृत्तीकडे दुर्लक्ष करू नका. परीक्षेच्या उद्दिष्टांच्या पत्रकात ती कुठल्या आवृत्तीवर बेतलेली आहे ते बघा आणि युनिटी हबमधून तीच उतरवून घ्या. युनिटी ६ ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. तिच्यात रिजिडबॉडीच्या व्हेलॉसिटीचं नाव लिनिअरव्हेलॉसिटी झालं आणि ड्रॅगचं लिनिअरडॅम्पिंग. जुन्या इनपुट पद्धतीच्या जागी नवी इनपुट सिस्टिम घेण्याकडेही कल वाढला आहे. नव्या आवृत्तीवर सराव करून जुन्या नावांचा पेपर सोडवायला बसलात किंवा याच्या उलट झालं, तर येत असलेल्या प्रश्नांवरही मन डळमळतं. तेच पत्रक छापून घ्या आणि प्रत्येक मुद्द्यापुढे "हे मी स्वतः करून पाहिलं" अशी तारीख टाकत जा. वाचलं, ऐकलं, समजलं यांना तारीख नाही.

अभ्यास फार लांबवणंही वाईट. चार-पाच महिन्यांच्या पुढे गेलात की सुरुवातीला केलेलं फिकं पडू लागतं आणि उजळणीचा भार वाढत जातो. म्हणून ठरवलेल्या आठवड्यांपैकी दोन तृतीयांश झाले की पहिल्या दिवसाची चाचणी पुन्हा घ्या. तोच गेम, पुन्हा कोऱ्या प्रोजेक्टमधून. तिसऱ्या गटात एकही ओळ आली नाही आणि दुसऱ्यात एक-दोनच आल्या, तर त्याच दिवशी परीक्षेची तारीख घ्या, तीन आठवड्यांनंतरची. तिसऱ्या गटात अजून दोन ओळी असतील तर तारीख वीस तासांच्या अभ्यासाइतकी पुढे ढकला. त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. नापास झाल्यास पुन्हा बसण्याआधी किती थांबावं लागतं आणि फी पुन्हा भरावी लागते का, हे नियम पैसे भरण्याआधी वाचून ठेवा.

शेवटच्या तीन आठवड्यांत नवं काही शिकायचं नाही. घड्याळ लावून सराव परीक्षा द्या, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचा एक छोटा सीन बनवा. प्रश्न वाचण्याची सवयही इथेच लागते. "सगळ्यांत कार्यक्षम" असं विचारलेलं असेल तर चारपैकी तीन पर्याय चालणारेच असतात. शेकडो गोळ्या सुटतात तिथे इन्स्टँशिएट आणि डिस्ट्रॉय चालतं, पण उत्तर ऑब्जेक्ट पूल (त्याच वस्तू पुन्हा पुन्हा वापरणं) असतं, कारण सतत वस्तू बनवल्या आणि मोडल्या की गार्बेज कलेक्टरचं (न लागणारी मेमरी साफ करणाऱ्या यंत्रणेचं) काम वाढतं आणि गेम झटके खातो. दर फ्रेमला गेटकॉम्पोनंट करणं चालतं, पण एकदा अवेकमध्ये घेऊन ठेवणं बरं. शंका आली की प्रोफायलर (कशाला किती वेळ लागतो ते दाखवणारं युनिटीचं साधन) उघडा आणि दोन्ही पर्याय मोजून बघा. मोजलेलं उत्तर परीक्षेत डगमगत नाही.

आदल्या दिवशी अभ्यास बंद. परीक्षा घरून देणार असाल तर कॅमेरा, माइक आणि इंटरनेट यांची तपासणी ज्या कॉम्प्युटरवर बसणार त्यावरच करून घ्या, कारण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फायरवॉल आडवा येऊ शकतो. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षर न अक्षर जुळतंय ना ते बघा. टेबलावर कागद, फोन, दुसरा मॉनिटर काही ठेवू नका. पेपर सुरू झाल्यावर पहिल्या फेरीत येणारे प्रश्न सोडवा, अडणाऱ्यांवर खूण करा, आणि कोडच्या लांब तुकड्यांसाठी शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा.